ठाण्याहून सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परत: जवळच्या जंगलांत एक दिवस चालण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत आहे, घरात दहा वर्षांची मुलगी आणि ६२ वर्षांच्या सासूबाई आहेत, आणि रविवारी सकाळी निघून दिवेलागणीच्या आत परत येता येईल अशा जवळच्या जंगलांत पायी फिरायचे आहे. कोठे जावे, कोणत्या ऋतूत जावे, बिबट्याची धास्ती कितपत बाळगावी आणि पाठपिशवीत काय असावे, हे तुम्ही विचारले आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी याच पट्ट्यात लहान मुलांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना घेऊन चालत आलो आहे. त्यामुळे पुढचे सारे विवेचन गिर्यारोहकांसाठी नसून तुमच्यासारख्या तीन पिढ्यांच्या घरासाठी आहे, असे समजावे.

ठिकाणांची यादी मागणाऱ्याला मी सहसा यादी देत नाही. बारा रविवारी बारा जंगले पाहणाऱ्या कुटुंबाला वर्षअखेरीस बारा वाहनतळ आणि बारा वडापावच्या गाड्या तेवढ्या आठवतात. एकाच पायवाटेवर वर्षातून चार वेळा गेलेल्या मुलीला मात्र कोणते झाड कोणत्या वळणावर आहे, त्याची पाने कधी गळतात आणि शेजारचा ओढा कोणत्या महिन्यात आटतो, हे न शिकवता पाठ होते. शिवाय ओळखीच्या वाटेवर चुका कमी होतात, कारण पाय कोठे घसरतो, सावली कोठे संपते आणि सासूबाईंना बसायला सोयीचा कातळ कोठे आहे, हे आधीच ठाऊक असते. म्हणून एक जंगल घरचे मानावे, तेथे चारही हंगामांत जावे आणि इतर ठिकाणे अधूनमधून पाहुण्यासारखी पाहावीत, असे माझे मत आहे. तुमच्या बाबतीत हे घरचे जंगल कोणते, याचा फारसा शोध घ्यावा लागत नाही, कारण ते घोडबंदर रस्त्याच्या कडेलाच उभे आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. बोरिवली, मुलुंड, भांडुप आणि ठाण्याचे येऊर अशा सगळ्या बाजूंनी त्याला शहराने वेढले आहे. एवढ्या दाटीत हे जंगल टिकून राहिले, याचे एक मोठे कारण पाणी हे आहे. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पूर्ण झाले, आणि त्यांचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहावे म्हणून भोवतीच्या डोंगरांवर वस्ती होऊ दिली गेली नाही. दहिसर नदी तुळशीच्या बाजूने उगम पावते आणि मिठी नदी विहारच्या सांडव्याच्या पाण्यावर वाहू लागते. मुलीला हे आधी सांगून ठेवल्यास ती जंगलाकडे सहलीची जागा म्हणून न पाहता नळाच्या पाण्याचे मूळ म्हणून पाहते, असा माझा अनुभव आहे.

प्रवेशाचे नियम नीट समजून घ्यावेत, कारण तुमच्यासारख्या येऊरजवळ राहणाऱ्यांकडून येथेच चूक होते. उद्यान सोमवारी बंद असते. बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता तिकीट काढून चालता येतो. शिलोंढ्यासारख्या आतल्या निसर्गवाटांवर मात्र निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावे लागते. येऊरच्या बाजूनेही वन विभागाच्या नाक्यावर विचारल्याशिवाय आत शिरू नये. पायवाट दिसते आणि गावकरी तिच्यावरून ये-जा करतात, एवढ्याने ती आपल्यासाठी खुली ठरत नाही. आतल्या पाड्यांवरच्या लोकांचा तो रोजचा रस्ता असतो, आपल्याकडून मात्र तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो. वेळा आणि शुल्क अधूनमधून बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करून निघावे.

पहिल्या दिवसासाठी मी कान्हेरीच सुचवतो, आणि ‘ती तर शाळेची सहल’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, असेही सुचवतो. मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा ते सात किलोमीटरवर आहेत. तुम्ही आणि मुलगी चालत जा, सासूबाईंनी उद्यानाच्या वाहनाने लेण्यांच्या पायथ्याशी यावे आणि तेथून सर्वांनी एकत्र वर चढावे. असे केल्याने त्यांचे पाय चढण्यासाठी ताजे राहतात, आणि गुडघ्यांना खरा त्रास जेथे होतो त्या उतारासाठीही बळ शिल्लक राहते. रस्ता डांबरी असला तरी दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, साग, कुंभा आणि हेदू अशी मिश्र पानगळीची झाडी आहे. सकाळी आठच्या आत चालू लागल्यास टकाचोर आणि तांबट या पक्ष्यांचे आवाज रस्त्यावरूनच ऐकू येतात.

लेण्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून दहाव्या शतकापर्यंत हा डोंगर थोडा थोडा कोरला जात होता. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि त्याच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना असलेल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. तेथेच थांबू नये. जवळपास प्रत्येक विहाराला, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याला, स्वतःचे पाण्याचे टाके आहे. जुन्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कातळावर पडणारे पावसाचे पाणी त्या टाक्यात यावे म्हणून वरच्या बाजूला बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. मुलीला एखादी पन्हळ दाखवून ती कोठून निघते आणि कोठे जाते ते शोधायला सांगावे. एक तास सहज जातो आणि तेवढ्या वेळात सासूबाईंची विश्रांतीही होते. नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पारशी प्रवाशांनी इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये कोरलेले पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. हजार वर्षांपूर्वीही येथे एका दिवसासाठी पाहुणे येत असत आणि भिंतीवर नाव लिहिण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही, अशी त्यांची थोडी थट्टा करायला हरकत नाही, मात्र आज तेथे कोणी नाव कोरू लागल्यास त्याला ताबडतोब थांबवावे.

लेण्यांच्या परिसरातली माकडे प्लास्टिकची पिशवी दिसली की ती ओढतात. त्यामुळे खाऊ पाठपिशवीच्या आत असावा आणि हातात काहीही लोंबत असू नये.

आता ऋतूंविषयी, कारण एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा जाण्याचा सारा लाभ ऋतूंमुळे होतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा नवख्यांचा हंगाम आहे. हवा थंड, जमीन कोरडी, गवत पिवळे आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. पाऊस नुकताच संपलेला असेल तर वाटेवर दोन झाडांच्या मध्ये तळहाताएवढ्या मोठ्या कोळ्याचे सोनेरी झाक असलेले भलेमोठे जाळे चेहऱ्याच्या उंचीवर ताणलेले आढळते. कोळी निरुपद्रवी असतो, पण पुढे चालणाऱ्याने हातात काठी धरून नजर समोर ठेवलेली बरी. या महिन्यांत एका वनस्पतीपासून मात्र जपावे लागते, आणि ती म्हणजे खाजकुयली. तिच्या सोनेरी लव असलेल्या सुंदर शेंगांना मुले हमखास हात लावतात. कुसे लागल्यास चोळू नये, चिकटपट्टी लावून ती ओढून काढावीत आणि मग पाण्याने धुवावे.

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये बहुतेक लोक जंगल वाळले म्हणून जाणे थांबवतात, आणि माझ्या मते ती त्यांची सर्वांत मोठी चूक असते. याच काळात पाने गळून गेल्यामुळे झाडांचे आकार दिसतात, पक्षी लपत नाहीत, आणि निष्पर्ण फांद्यांवर काटेसावर, पळस, पांगारा आणि कौशी फुलतात. सावरीच्या एका झाडाखाली अर्धा तास शांत बसल्यास मधासाठी येणारे निरनिराळे पक्षी मोजता येतात, तेवढ्यासाठी कोठेही चढून जावे लागत नाही. कांडोळाचे झाडही आताच पाहावे. त्याचे पांढरट, गुळगुळीत खोड चांदण्यात चमकते म्हणून त्याला भुत्या म्हणतात, आणि हे नाव सांगितल्यावर कोणतेही मूल ते झाड विसरत नाही. या दिवसांत वणव्याची भीती असते. म्हणून विडी-सिगारेट ओढणारा पाहुणा बरोबर असेल तर त्याला प्रवेशद्वारापाशीच नम्रपणे समज द्यावी.

एप्रिल आणि मे मध्ये फक्त सकाळचे तीन तास चालण्याजोगे असतात. बहावा आणि ताम्हण तेव्हा फुलतात, करवंदे पिकतात, आणि दहा वाजेपर्यंत परतीच्या वाटेला लागलेले असावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस पावशा ‘पेर्ते व्हा’ असे ओरडू लागतो आणि पहिल्या सरींच्या आसपास नवरंग पक्षी येथे विणीसाठी येतो. त्याची दुहेरी शीळ कान्हेरीच्या वाटेवर ऐकली, की पुढच्या रविवारी छत्री बरोबर घ्यायची, असा आमचा जुना संकेत आहे.

पावसाळ्याचा विचार मी दोन भागांत करतो. जून आणि जुलैमध्ये अशा कुटुंबाने ओढ्याच्या वाटेला जाऊच नये. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २२०० ते २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. येथील डोंगर काळ्या कातळाचे आणि उतार लहान पण तीव्र असल्यामुळे वर कोसळलेली सर दहा-पंधरा मिनिटांत खाली ओढ्यात उतरते. तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाणी वाढू शकते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यात वाळलेली पाने आणि काटक्या वाहत येणे, आणि प्रवाहाचा आवाज खालच्या पट्टीत जाणे, ही तीन लक्षणे दिसताच ज्या काठावर असाल त्याच काठावर उंच जागी थांबावे. पलीकडे चपला राहिल्या तरी त्या आणायला जाऊ नये. वसईजवळच्या चिंचोटी धबधब्यात वर्षानुवर्षे माणसे बुडाली आहेत, ती याच अंदाजाच्या चुकीमुळे आणि खालच्या डोहाची खोली न कळल्यामुळे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा जागांवर मनाई आदेश काढते, ते पाळावेत. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर मात्र चुकवू नये. पावसाचा जोर ओसरलेला असतो, फुलपाखरांची वर्दळ वाढते, आणि निळ्या-काळ्या रंगाचे, आपले राज्य फुलपाखरू असलेले राणी पाखरू रस्त्याच्या कडेलाच दिसते.

कारवीविषयी वेगळे लिहायला हवे. ही झुडपे सात वर्षे नुसती वाढतात, आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा करतात आणि फुलून झाल्यावर मरतात. या उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. म्हणजे पुढची खेप २०३२ ची. तोपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात पोहोचलेली असेल. मधल्या वर्षांत कारवी पाहण्यासारखी नसते असे मात्र नाही. तिची रोपे दरवर्षी कोठवर आली हे मुलीच्या उंचीशी ताडून पाहता येते. पाड्यांवरच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेल्या असत, हे सासूबाईंना कदाचित आपल्याहून अधिक माहीत असेल.

आता वेळेविषयी. एका दिवसाच्या भटकंतीत संकटे बहुतेक वेळा कड्यावरून पडल्यामुळे येत नाहीत, ती उशीर झाल्यामुळे येतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक हिशेब आजही वापरला जातो: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी एक जादा तास. तो धडधाकट माणसासाठी आणि थंड हवेसाठी आहे. आपल्या दमट हवेत, मूल आणि ज्येष्ठ बरोबर असताना मी तासाला अडीच किलोमीटर आणि प्रत्येक ३०० मीटर चढाईला एक तास धरतो, आणि आलेल्या उत्तरात थांबण्याचा एक तास मिळवतो. एवढे करूनही शेवटी जे महत्त्वाचे ठरते ते परत फिरण्याचे घड्याळ. घरून निघतानाच ‘साडेबाराला जेथे असू तेथून मागे वळायचे’ असे ठरवावे, आणि ते सर्वांत लहान सदस्याला सांगून ठेवावे, कारण मोठ्यांना स्वतःचाच शब्द मोडण्याची सवय असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अनेक वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी आठ जणांना घेऊन पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याला गेलो होतो. आमची भाड्याची गाडी दीड तास उशिरा आली, आणि तरीही मी ठरलेली वळण्याची वेळ पाळली नाही, कारण सुळका अगदी समोर दिसत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचे दगड दिसेनासे होतात. आम्ही शेवटचा उतार एका विजेरीच्या उजेडात उतरलो. एका काकांचा घोटा मुरगळला, आणि खाली वाट पाहणाऱ्या वनरक्षकाने जे सुनावले ते सर्वस्वी योग्य होते. तेव्हापासून शिखर राहिले तरी चालते, पण वेळ पाळली जाते.

बिबट्याविषयी तुम्ही विचारले आहे, आणि त्याचे उत्तर ‘भिऊ नका’ एवढ्यात देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या उद्यानात बिबटे आहेत, चांगल्या संख्येने आहेत, आणि उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये कुत्र्यांच्या मागे रात्री येतातही. २००४ च्या सुमारास येथे माणसांवरील हल्ले फार वाढले होते. अन्यत्र पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडण्याची तेव्हाची पद्धत त्याचे एक कारण मानली गेली, कारण अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. तेव्हापासून ही समजूत वाढली आहे की स्थानिक बिबट्याला त्याच्या जागी राहू देणे हेच माणसाच्याही हिताचे असते. पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना हे नव्याने सांगावे लागले नाही. त्यांच्या वाघोबाच्या स्थानांवर वाघबारशीला आजही पूजा होते. ती पूजा भीतीची असते तशी शेजारधर्माचीही असते.

दिवसा, गटाने, खुल्या वाटेवर बोलत चालणाऱ्या माणसांना बिबट्या दिसण्याची शक्यता अगदी थोडी असते, कारण तो आपल्याला आधी पाहून बाजूला झालेला असतो. तरीही काही गोष्टी सवयीच्या करून टाकाव्यात. मुलीने गटाच्या मध्ये चालावे, सर्वांत पुढे किंवा मागे नाही. तिने कानात इअरफोन घालू नयेत. लघवीसाठी झुडपाआड एकटे जाऊन ओणवे बसू नये, कारण बसलेला किंवा वाकलेला माणूस आकाराने प्राण्यासारखा दिसतो. मोठे माणूस शेजारी उभे असावे. पाचच्या आत प्रवेशद्वाराबाहेर असावे. वानरांचा ‘खक् खक्’ असा एकसारखा भेदरलेला आवाज किंवा चितळाची तीक्ष्ण हाक पुन्हा पुन्हा आली, तर थांबावे, एकत्र यावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे. काय आहे ते पाहायला पुढे जाऊ नये. प्रत्यक्ष समोरासमोर आलाच तर पळू नये, मुलीला उचलून घ्यावे, ताठ उभे राहून मोठ्या आवाजात बोलत, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरकावे आणि त्याची निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी. मोबाइल काढून चित्रीकरण करू नये. ठशांचे मात्र छायाचित्र जरूर घ्यावे. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात ती दिसतात. हा एवढाच भेद कळला तरी मुलगी पुढची दोन वर्षे खाली पाहत चालते, आणि त्यामुळे सापही आपोआप वेळेवर दिसतात.

सापांविषयी थोडक्यात सांगतो. बांबूच्या जाळीत चापडा आणि पालापाचोळ्यात घोणस किंवा फुरसे असू शकतो. म्हणून हात टेकण्याआधी जागा पाहावी आणि वाटेतला ओंडका ओलांडताना आधी त्यावर उभे राहून पलीकडे नजर टाकावी. दंश झाल्यास माणसाला शक्य तितके स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नये. कान्हेरीच्या बाजूला मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही, त्यामुळे कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी किंवा शेजारी लिहून ठेवावे.

आता पाहुण्या जंगलांकडे येतो. सासूबाईंसाठी यांत मला माथेरान सर्वांत योग्य वाटते. ठाण्याहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरून भाड्याच्या गाडीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते, आणि तेथून पुढे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी असल्यामुळे सगळे गाव म्हणजेच एक लांबलचक पायवाट आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठारावर अंजन, जांभूळ आणि हिरडा यांची सदाहरित सावली आहे, त्यामुळे मार्चमध्येही दुपारी चालता येते. बाजारपेठ मागे टाकून शार्लोट तलावाच्या बाजूच्या वाटांनी जावे, कारण रविवारी सारी गर्दी चिक्कीच्या दुकानांपाशी असते. लाल मातीमुळे पांढरे मोजे कायमचे रंगतात, एवढी एक सूचना देऊन ठेवतो.

कर्नाळा पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आहे. १९६८ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा येथे आखलेल्या आहेत. सासूबाई हरियालच्या वाटेवर फिरत असताना तुम्ही दोघी किल्ल्याच्या चढाला जाऊन येऊ शकता, पण त्यासाठी घरातले आणखी एक मोठे माणूस त्यांच्याजवळ हवे. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक पाहावा आणि पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची माणसासारखी शीळ ऐकावी. प्रवेशद्वारावर प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद करून अनामत रक्कम घेण्याची पद्धत येथे अनेक वर्षे आहे. वैतागू नये, परत येताना ती मिळते. किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. म्हणून अत्तर किंवा उग्र वासाचे काही लावून जाऊ नये, धूर करू नये आणि सुळक्यापाशी आरडाओरडा करू नये. माश्या उठल्या तर बिबट्याच्या बाबतीत सांगितले त्याच्या नेमके उलट करायचे असते: डोके-तोंड झाकून शक्य तितक्या लवकर झाडीतून लांब पळायचे असते.

तुंगारेश्वर वसईच्या पूर्वेला सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. २००३ मध्ये ते घोषित झाले, आणि संजय गांधी उद्यान व तानसा अभयारण्य यांच्यामधला वन्यप्राण्यांचा दुवा म्हणून त्याचे महत्त्व त्याच्या कीर्तीपेक्षा पुष्कळ मोठे आहे. महामार्गापासून मंदिरापर्यंतचा रुंद रस्ता ज्येष्ठांना जमतो, वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीला तेथे इतकी गर्दी असते की जंगल दिसतच नाही. डिसेंबरातला साधा रविवार निवडावा. भीमाशंकरला शेकरू पाहण्याची इच्छा मुलगी कधीतरी बोलून दाखवेल, पण ठाण्याहून ते एका दिवसात उरकण्याचा खटाटोप करू नये. जाण्या-येण्यातच दिवस संपतो. तेथे मुक्कामानेच जावे.

पाठपिशवीविषयी लोक जरुरीपेक्षा जास्त बोलतात, म्हणून मी मोजकेच सांगतो. हिवाळ्यात माणशी दोन लिटर आणि फेब्रुवारीनंतर तीन लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. भाकरी किंवा ठेपले, शेंगदाण्याची चटणी, काकडी, खजूर. बटाट्याचे वेफर नकोत, कारण ते तहान वाढवतात आणि त्यांचे पाकीट वाऱ्याने उडून जाते. एक विजेरी, भले तुम्ही तीनलाच परतणार असाल. रुंद पट्टी, चिकटपट्टी, सासूबाईंची नेहमीची औषधे एका वेळेच्या जादा मात्रेसह, आणि एक शिट्टी मुलीच्या गळ्यात. तिला सांगून ठेवावे की हरवल्यासारखे वाटले तर चालत राहायचे नाही, झाडाला धरून उभे राहायचे आणि तीन-तीन वेळा शिट्टी वाजवायची. कपडे मातकट किंवा हिरवट, पूर्ण बाह्यांचे आणि लवकर वाळणारे असावेत, जीन्स नको. बुटांचा तळवा मऊ रबराचा असावा. कडक तळव्याचे महागडे बूट आमच्या ओल्या कातळावर साबणासारखे घसरतात.

सासूबाईंसाठी खरी गुंतवणूक म्हणजे एक चांगली काठी, आणि ती चढताना नव्हे तर उतरताना वापरायची. काठी आधी खालच्या पायरीवर टेकवावी, मग पाय, अशी सवय घरच्या जिन्यावर आठवडाभर करून घ्यावी. उतारावर त्यांना गटात सर्वांत पुढे ठेवावे. मागच्यांनी त्यांच्या गतीने चालावे, म्हणजे ‘माझ्यामुळे उशीर होतो’ ही बोच त्यांना लागत नाही आणि त्या घाईने पाय टाकत नाहीत. गेल्या वर्षभरात छातीत दुखणे किंवा चक्कर येणे असे काही झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पहिल्यांदा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी कान्हेरीला जा. मुलीला लहानशी वही द्या आणि रस्त्याच्या कडेची एक काटेसावर तिची म्हणून निवडू द्या. खोडावरचे काटे, पानांची संख्या, खाली काय पडले आहे, एवढेच तिने लिहावे. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच झाडाखाली पुन्हा उभे राहा, मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि चौथ्यांदा सप्टेंबरात. घरून पावणेसातला निघा, कारण साडेआठनंतर रविवारी मुख्य प्रवेशद्वारापाशी तिकिटाला रांग लागते.